खोंडाला थेट शर्यतीत जुंपू नये

पोरा, बारावीला पंच्याऐंशी टक्के पाडलेस तर 'म्हणशील ती गाडी' असा शब्द तुझ्या बापानं दिला, तेव्हा मी सोप्यात घेवडा निवडत बसलो होतो. ऐकलं आणि गप्प राहिलो. ती चूक माझी. आता टक्के पडलेत, पुढच्या महिन्यात तुला अठरा पुरी होतात, आणि मोबाईलवरची ती केशरी ३९० सीसीची मोटारसायकल तू मला रोज दाखवतोस. गाडी घेऊच नको असं म्हणणारा म्हातारा मी नव्हे. कोरेगाव आगाराची एसटी मी तीस वर्षं हाकली, मला इंजिनाचा आवाज अजून गोड लागतो. पण रसायनशास्त्रात मार्क पडले म्हणून ब्रेक मारता येतो असं नाही. म्हणून शोरूमला जायच्या आधी एवढं कानात घालून घे.

१. सीसी नंतर मोज, आधी वजनाला ताकद किती ते बघ.

माझी स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. तुझी ३९० भरते पावणेदोनशे किलोच्या आत आणि तिची ताकद चाळीसच्या वर. म्हणजे वजन दीडपट आणि ताकद पाचपट. ही वरची ताकद सगळी तुझ्या उजव्या मनगटात येऊन बसते. खड्ड्यात चाक आदळलं की अंग मागं जातं आणि मूठ आपसूक पिळली जाते, हे नवशिक्याचं ठरलेलं. माझ्या गाडीवर अशी मूठ पिळली तर इंजिन नुसतं ओरडतं. तुझ्या गाडीवर तेवढ्याच चुकीला तू पुढच्या टेम्पोच्या फाळक्याला भिडतोस.

हे ऐकीव नाही. तिशीत असताना शेजाऱ्याची टू-स्ट्रोक मागून घेतली होती. होती १०० सीसीचीच, पण अंगानं हलकी आणि पिकअपला तिखट. वर्धनगडाचा घाट उतरून कोरेगावकडं येताना एका वळणाच्या तोंडाशी मूठ जरा जास्त पिळली आणि गाडीसकट उसात गेलो. तोवर त्याच घाटातून मी पाच वर्षं एसटी नेत होतो. रस्ता ओळखीचा, वळण पाठ, पण हाताखालचं जनावर वेगळं होतं. थंडीत हे डावं मनगट अजून ठणकतं. शेजाऱ्याच्या गाडीचा त्यात काही दोष नव्हता.

२. ताकद पायरीपायरीनं घे.

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तू शर्यतीचे बैल बघतोस. ते मैदानात उतरेपर्यंतची मेहनत बघितलीस का? खोंडाच्या मानेवर पहिल्यांदा जू ठेवतात तेव्हा शेजारी मुरलेला म्हातारा बैल असतो. खोंड उधळलं तरी म्हातारा जागचा हलत नाही. आधी हलकं ओढायला देतात, मग रिकामी गाडी, मग भरलेली. पहिल्याच दिवशी शर्यतीला जुंपलं तर खोंड स्वतः मोडतं आणि हाकणाऱ्यालाही मोडतं.

आमच्या धंद्यालाही कायद्यानं अशीच शिडी लावली आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर वापरल्याशिवाय प्रवासी किंवा मालवाहू गाडीचं शिकाऊ लायसनसुद्धा मिळत नाही, आणि वयही वीस पुरं लागतं. मोटारसायकलला मात्र ही शिडी नाही. गिअरवाल्या दुचाकीचं लायसन एकदा हातात पडलं की १०० सीसीही तुझी आणि ६५० सीसीही तुझी. युरोपात तसं चालत नाही. तिथं २०१३ पासून पायऱ्या ठरलेल्या आहेत: सोळाव्या वर्षी १२५ सीसीपर्यंत, अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंत, आणि मधल्या पायरीवर दोन वर्षं काढली की मग हवी ती. आपल्याकडं सरकारनं शिडी लावली नसेल तर घरानं लावावी.

३. ब्रेक मोठे घे, इंजिन मधलं घे.

तू म्हणालास, "आबा, मोठ्या गाडीला ब्रेक चांगले, एबीएस असतं, ओव्हरटेकला अडकत नाही." यातलं पहिलं बरोबर आहे. जुन्या १०० सीसीचे ड्रम ब्रेक पावसात कच्चे पडतात, हे मी रोज भोगतो. पण एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे १५०-१६० सीसीची, चौदा-सोळा हॉर्सपॉवरची गाडी घेतलीस तरी पुढं डिस्क आणि एबीएस मिळतंच. चांगल्या ब्रेकसाठी चाळीस घोडे विकत घ्यायची गरज नाही.

ओव्हरटेकचं म्हणशील तर ज्या फटीत शिरायला चाळीस घोडे लागतात, ती फट तुझी नव्हेच. मागं राहा. मी बस घेऊन आयुष्यभर मागं राहिलो, तरी एसटी पंढरपूरला पोचायचीच.

४. गाडीच्या आधी रस्ता पाठ कर.

सातारा ते कोरेगाव वीसेक किलोमीटर. पण गळीत हंगाम सुरू झाला की हा रस्ता वेगळाच होतो. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाचे शेंडे दोन्ही अंगांनी हातभर बाहेर. अंधारात तो दिसत नाही, एकदम समोर उभाच ठाकतो. साठच्या वेगानं तू सेकंदाला सतरा मीटर जातोस, शंभरच्या वेगानं अठ्ठावीस. दचकून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तो सेकंद संपतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावरची फरफट दुप्पट होत नाही, चौपट होते. मोठ्या गाडीवर शंभर गाठल्याचं कळतही नाही, हाच तिचा धोका.

बाकीचंही ध्यानात ठेव. ट्रॅक्टर शेतातून चढतो तिथं डांबरावर चिखल असतो. वळवाच्या पहिल्या सरीत रस्ता तेलकट होतो. श्रावणी शनिवारी जरंडेश्वराच्या मारुतीला माणसं पहाटेपासून चालत निघतात. पहिले सहा महिने दिवेलागणीच्या आत घरी यायचं.

५. धाकट्याच्या हाती किल्ली देऊ नको, आणि हे बापालाही वाचून दाखव.

तुझा धाकटा सोळाचा आहे. त्याच्या वयाला कायदा ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवू देतो, तीही लायसन काढून आणि पालकाच्या संमतीनं. म्हणजे आमच्या लूनाएवढी! पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ साली ती आणली आणि माझी पहिली गाडी तीच, सेकंडहँड. चढाला पायडल मारावं लागे. पण वळताना मागं बघायचं, खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, कुत्रं आडवं आलं तर हँडल झटकायचं नाही, हे सगळं मी तिच्यावर शिकलो. चुका तिथंही केल्या, त्या गुडघ्यावर भागल्या.

आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत तुरुंग, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. विमा कंपनीसुद्धा समोरच्याला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. तुझ्या नावावरची गाडी धाकट्यानं नेली तर तो मालक तू.

१९ मे २०२४ ची पुण्यातली कल्याणीनगरची रात्र तुला आठवत असेल. सतरा वर्षांच्या पोराच्या हाती पोर्शे, आणि दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर संपले. जामिनासाठी पोराला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून देशभर ओरड झाली, बापाला अटक झाली. ती बड्यांची गोष्ट म्हणून सोडून देऊ नको. तिथं पोर्शे होती, आपल्याकडं बुलेट नाही तर स्कॉर्पिओ असते. 'आमचं पोरगं आत्तापासूनच चालवतं' असं पारावर कौतुकानं सांगणारा बाप दोन्हीकडं एकच.

६. डोक्याचा खर्च आधी कर.

गाडीचं बजेट ठरवताना पहिली ओळ हेल्मेटची लिही. आयएसआयचा शिक्का असलेलं, डोक्याला घट्ट बसणारं, आणि पट्टा लावलेलं. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे डोक्यावरची पाटी, माणसाच्या आधी तीच पडते. दुसरं हेल्मेट मागच्यासाठी. मग पूर्ण बोटांचे हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. यातून उरेल त्यात गाडी बघ.

आणि पहिले तीन महिने मागं दोस्त घ्यायचा नाही. मागं दोस्त बसला की मूठ तुझ्या हातात राहत नाही, त्याच्या तोंडात जाते.

तुझ्या बापाचा शब्द मोडावा असं मी सांगत नाही. शब्द मोडला तर पोर पुढच्या वेळी विचारत नाही, चोरून करतं. शब्द पाळायचा, फक्त हप्त्यानं. यंदा १६० ची घे. दोन पावसाळे आणि दोन ऊस हंगाम तिच्यावर काढ. त्यानंतरही ३९० मनात असली तर बापाला मी स्वतः सांगेन, आणि घेवड्याच्या पट्टीतले माझे थोडे पैसेही घालीन.

पण त्याआधी एक परीक्षा आहे. पक्कं लायसन हातात आलं की मित्रांच्या आधी मला मागं घ्यायचं. कोरेगावातून निघून वर्धनगडाचा घाट चढायचा, पुसेगावला महाराजांच्या पाया पडायचं आणि तसंच घाट उतरून घरी यायचं. मी वाटेत एक शब्द बोलणार नाही. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर असतील. जाऊन येईपर्यंत मला एकदाही तुझा खांदा धरावा लागला नाही, तर तू पास.