कारखान्यातील कार्बनचा हिशेब कसा मांडावा?

युरोपात माल पाठविणाऱ्या निर्यातदारांना नट-बोल्ट, स्क्रू असे लोखंडी सुटे भाग पुरविणाऱ्या आपल्या कारखानदार बांधवांना एका नव्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागणार आहे. माल तयार करताना कार्बन डायऑक्साइड वायू किती बाहेर पडला? युरोपीय संघाने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादींच्या आयातीवर कार्बन आकार लावला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा काळ सुरू झाला. पैसे तिकडचा आयातदार भरतो हे खरे. परंतु ज्याचे आकडे मिळत नाहीत त्याच्या मालाला ठोकळ दर लागतो, तो वाढवून ठरविलेला असतो. असा पुरवठादार मग गिऱ्हाइकाला महाग पडतो.

आकडे शोधायला लांब जायला नको. विजेचे बिल, डिझेलच्या पावत्या आणि गॅस सिलिंडरची नोंद, बस्स. बिलातील रुपये घेऊ नका, युनिट घ्या. रुपयांत स्थिर आकार, कर सगळेच मिसळलेले असते. मीटर वाचनाची तारीखही लिहून ठेवा, कारण बिलाचा महिना आणि आपल्या वहीचा महिना क्वचितच जुळतात.

मग गुणाकार. देशातील विजेच्या एका युनिटमागे किती वायू सुटतो हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२३-२४ साठी हा आकडा ०.७२७ किलो आहे. डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो आणि गॅसच्या किलोमागे सुमारे ३ किलो धरावे. लिटरभर डिझेलचे वजन किलोही भरत नाही, मग वायू पावणेतीन किलो कसा? डिझेलमधला कार्बन जळताना हवेतील प्राणवायू ओढून घेतो. १२ किलो कार्बनला ३२ किलो प्राणवायू लागून ४४ किलो वायू होतो. वजन वाढते ते हवेमुळे.

समजा एका वर्कशॉपला महिन्यात २,००० युनिट वीज, जनित्राला ६० लिटर डिझेल आणि भट्टीला १९ किलोचे ४ सिलिंडर लागले. वीज १,४५४ किलो, डिझेल १६२ किलो, गॅस २२८ किलो, एकूण १,८४४ किलो. म्हणजे ७९, ९ आणि १२ टक्के. धूर डोळ्यांना दिसतो तो जनित्राचा, पण मोठा वाटा मुकाट्याने चालणाऱ्या मोटारींचा!

आता आलेख. चौकटीच्या कागदावर तीन उभे स्तंभ काढा, आणि मोजपट्टी शून्यापासूनच सुरू करा. मधूनच सुरू केली तर लहान फरक डोंगराएवढा दिसतो. बारा महिन्यांसाठी मात्र रेषा बरी. तिथे एकूण वायू मांडू नका, त्याला तयार मालाच्या टनांनी भागा. वरच्या वर्कशॉपने ५ टन माल काढला असेल तर टनामागे सुमारे ३६९ किलो. रमजानमध्ये काम कमी झाले की एकूण आकडा आपोआप उतरतो. त्याला बचत म्हणता येत नाही.

वीज आणि भट्टीचे इंधन यांचे रकाने वेगळे ठेवावेत, हे आम्ही आग्रहाने सांगतो. लोखंडी मालावरील युरोपच्या आकारणीत सध्या विजेचा वायू धरला जात नाही, आणि जनित्राचे डिझेलही विजेतच मोडते. याउलट, विकत घेतलेल्या सळईचा वायू धरला जातो, आणि बोल्टच्या हिशेबात बहुधा तोच सर्वांत जाड स्तंभ असतो. तो आकडा आपल्या मीटरवर सापडणार नाही. सळई घेताना गिरणीकडून टनामागचा आकडा लेखी मागावा, आणि प्रत्येक खेपेच्या बिलाला तो कागद टाचून ठेवावा.