सुयांची परीक्षा कोणाच्या पैशाने?



मागे शाळेच्या फाटकापाशी एका विद्यार्थ्याच्या आजी भेटल्या. गुडघेदुखीसाठी त्या ॲक्युपंक्चर घेतात. "अहो सर, सुया टोचून बरं वाटतंय खरं, पण यात काही शास्त्र आहे का हो?" असे त्यांनी विचारले. उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

हा उपचार मूळचा चीनचा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बी. के. बसू यांनी पुढे तो कलकत्त्यात आणला. (कोटणीस मात्र १९४२ साली चीनमध्येच वारले.)

आता आजींचा प्रश्न. बरे वाटले हे खरेच. पण ते सुईमुळेच वाटले कशावरून? जुने दुखणे आपोआपही कमी-जास्त होते. कोणी अर्धा तास आस्थेने उपचार केले, तरी बरे वाटते. हे सारे वेगळे काढायला शेकडो रुग्ण आणि कित्येक महिने लागतात, खर्चही मोठा येतो. औषध कंपनी आपल्या नव्या गोळीसाठी तो करते, कारण पुढे गोळी विकून वसूल होतो. शेकडो वर्षांच्या जुन्या सुईचे पेटंट कोणाला मिळणार? म्हणून हा खर्च बहुधा लोकांच्या सामाईक पैशातून होतो.

जर्मनीत तसेच झाले. तेथे नोकरदार आणि मालक मिळून आरोग्य विम्याच्या सार्वजनिक निधीत वर्गणी भरतात. सुयांच्या उपचाराचे बिल या निधीने भरावे का, असा प्रश्न आला, तेव्हा निधीच्याच पैशाने मोठ्या चाचण्या घेतल्या गेल्या. कंबरदुखीच्या चाचणीत १,१६२ रुग्ण होते. त्यांचे दुखणे सरासरी ८ वर्षांचे. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला शास्त्रोक्त जागी, खोलवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या 'खोट्या' सुया. तिसऱ्याला नेहमीची औषधे आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिले, तर खऱ्या सुयांच्या गटात १०० पैकी सुमारे ४८ जणांना चांगला आराम होता, खोट्यांच्या गटात ४४ जणांना आणि औषध-व्यायामाच्या गटात अवघ्या २७ जणांना!

म्हणजे चुकीच्या जागी टोचले तरी जवळजवळ तितकाच गुण. मग त्या ठरावीक बिंदूंचे महत्त्व काय उरले? पण नेहमीच्या उपचारापेक्षा दोन्ही सुया सरस ठरल्या, हेही खरे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सुयांच्या दोन गटांना आपली सुई खरी की खोटी हे ठाऊक नव्हते. तिसऱ्या गटाला मात्र आपल्याला सुया मिळणार नाहीत हे पक्के ठाऊक होते. त्यांची निराशाही त्या २७ मध्ये मिसळलेली असू शकेल.

२००६ साली जर्मनीने कंबर आणि गुडघ्याच्या जुन्या दुखण्यासाठी बिल भरायचे ठरवले, डोकेदुखीसाठी नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी सुयांची शिफारस केली आणि २०१६ साली ती मागे घेतली, कारण खोट्या सुईपेक्षा खरी पुरेशी सरस दिसेना.

अमेरिकेची कथा निराळी. तेथे १९९१ साली संसदेने अशा संशोधनाला २० लाख डॉलर दिले. २००२ पर्यंत ही रक्कम वर्षाला १० कोटींवर गेली. यामागे आग्रह होता सिनेटर टॉम हार्किन यांचा. त्यांनीच २००९ साली जाहीर नाराजी व्यक्त केली, की हे केंद्र उपचार खोटे ठरवण्यातच गुंतले आहे. मला हे पटत नाही. पेपर तपासण्याआधीच निकाल ठरला असेल, तर परीक्षेवर खर्च कशाला?

उलट उदाहरणही सांगतो. चीन सरकारने १९६७ साली मलेरियावर औषध शोधण्याचे काम हाती घेतले. तू यूयू या संशोधिकेने जुन्या वैद्यकग्रंथातील वनस्पती तपासली आणि १९७२ साली तिच्यातील नेमके द्रव्य वेगळे केले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले.

आजींना हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "खोट्या सुईनेही गुण येतो, तर मग स्वस्तात खोटीच टोचा की!" याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

आपल्याकडेही आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी यांच्या संशोधन परिषदा केंद्र सरकारच्या पैशावर चालतात. नववी-दहावीच्या मुलांनी एक करून पाहावे. सर्दीवरच्या घरच्या काढ्याची चाचणी घ्यायची झाली, तर 'खोटा' काढा कसा बनवाल? रंग, वास, तिखटपणा तोच हवा, आणि औषध मात्र नको. उत्तरे वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला आणावीत.