सुट्टीतले वाढदिवस

बुरोंडी हे दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. उत्तरेला लाडघर, दक्षिणेला कोळथरे. गावात मासेमारी चालते. आंबा, काजू, नारळ होतात. बरीच माणसे पोटासाठी मुंबईला आहेत. मे महिना आला की ती घरी येतात.

अशा गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. साल आहे २०२४. घरात आजोबा आणि आजी. थोरला मुलगा बोटीवर तांडेल. धाकटा मुंबईला नोकरीला. तो बायकोमुलांना घेऊन आला आहे. थोरल्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिचे बाळ अठरा-एकोणीस दिवसांचे. सगळी मिळून बारा माणसे. घर कसे भरून गेले आहे!

उन्हाळ्यात कामे थोडी नसतात. बायका रातांबे फोडून आमसुले वाळवतात. ताटांवर आंब्याची साटे वाळत पडतात. मुले करवंदांच्या जाळीत शिरतात आणि हात ओरबाडून घेतात. संध्याकाळी सगळी लाडघरच्या तामसतीर्थावर फिरायला जातात. तिथली वाळू तांबूस दिसते. रात्री अंगणात एकच पंगत बसते. तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, बांगड्याचे कालवण, वर सोलकढी. बारा माणसे एका पंगतीला बसली की दोन घास जास्त जातात.

एका तारखेला पाच वाढदिवस

२५ मे रोजी धाकट्याच्या मुलीचा वाढदिवस होता. तिला बारा वर्षे पुरी झाली. दापोलीहून केक आणला. आजीने तिला ओवाळले.

मुलीने विचारले, "आजी, तुझा वाढदिवस कधी गं?"

"कार्डावर असेल तो," आजी म्हणाली.

मुलीने सगळ्यांची आधार कार्डे मागितली. एकेक वाचू लागली. आजोबा, १ जून. आजी, १ जून. थोरला काका, १ जून. आत्या, १ जून. तिचे स्वतःचे बाबाही १ जून!

"हे कसं? पाच माणसं एकाच तारखेला कशी जन्मली?"

थोरला हसून म्हणाला, "१ जूनला मासेमारी बंद होते, हे मला पाठ आहे. त्याच दिवशी माझा वाढदिवस असतो, हे कोणाच्या लक्षात होतं!"

असे का झाले, ते ऐका. पूर्वी खेड्यात मूल बहुधा घरीच जन्मे. तारीख कोणी लिहून ठेवीत नसे. मूल मोठे झाले की बाप त्याला शाळेत घेऊन जाई. मास्तर जन्मतारीख विचारीत. बाप म्हणे, "पाऊस लागला होता बघा." शाळा जून महिन्यात सुरू होई. जूनमध्ये मुलाचे वय पुरे भरलेले हवे. म्हणून मास्तर १ जून ही तारीख टाकीत. महाराष्ट्रात अशी १ जूनची माणसे गावोगाव आहेत.

आजोबा शाळेत गेलेच नाहीत. कार्ड काढताना लिहून घेणाऱ्याने त्यांच्याकडे पाहिले आणि अंदाजाने साल टाकले. त्यांच्या कार्डावर १ जून १९५५ आहे.

मुरूडची सहल

दुसऱ्या दिवशी सगळी एसटीने मुरूडला निघाली. हेही दापोली तालुक्यातच आहे. एसटीत ७५ वर्षे पुरी झालेल्यांना तिकीट पडत नाही. ६५ ते ७५ वयाच्या माणसांना अर्धे तिकीट.

आजोबा म्हणाले, "माझी पंचाहत्तरी झाली."

कंडक्टरने कार्ड पाहिले. "बाबा, यावर तुम्हाला अजून एकोणसत्तर पुरी नाहीत. अर्धं तिकीट घ्यावं लागेल."

कंडक्टरचे काय चुकले? त्याने कागद पाहिला. आजोबांनी मुकाट्याने पैसे काढून दिले.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवली या आजोळी झालेला. त्यांची एक गोष्ट धाकट्याने मुलांना समुद्रावर बसून सांगितली.

१८७५ च्या सुमारास धोंडो कर्व्यांना सरकारी परीक्षेला बसायचे होते. परीक्षा साताऱ्याला होती. ते आणि त्यांचे सोबती पायी निघाले. पावसापाण्यातून, सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पोचले. परीक्षेला सतरा वर्षे पुरी लागत. कर्व्यांची सतरा पुरी झाली होती. पण अंगाने लहान, चेहरा कोवळा. परीक्षा घेणाऱ्यांना ते सतरा वर्षांचे वाटले नाहीत. त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. एवढी पायपीट फुकट गेली.

कर्वे खचले नाहीत. पुढे शिकले. १९१६ साली त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली त्यांना शंभर वर्षे पुरी झाली. त्याच साली त्यांना भारतरत्न मिळाले.

आजोबा गोष्ट ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे त्यांचंही वय तोंडाकडे बघूनच ठरवलं!"

पंगतीत हिशेब

रात्री जेवताना नात वही घेऊन बसली. "आज प्रत्येकाने आपला खरा जन्म सांगायचा," ती म्हणाली.

आजोबा म्हणाले, "गांधीजी गेले ती बातमी गावात आली, तेव्हा मी आईच्या पोटात होतो. नारळी पौर्णिमेला जन्मलो."

गांधीजी ३० जानेवारी १९४८ रोजी गेले. म्हणजे आजोबांचा जन्म ऑगस्ट १९४८ चा. कार्डापेक्षा सहा वर्षांहून जास्त फरक!

आजी म्हणाली, "मी दिवाळीतली. त्याच थंडीत देशात पहिली निवडणूक झाली. आईनं मला कडेवर घेऊन मत दिलं." म्हणजे आजीचा जन्म १९५१ च्या दिवाळीतला.

"आणि मी?" थोरल्याने विचारले.

"दापोलीला शेतकीचं विद्यापीठ झालं ना, त्या वर्षी. भातकापणी चालली होती." ते विद्यापीठ १९७२ साली झाले. म्हणजे थोरला १९७२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला.

पाहिलेत? लिहिता येत नव्हते, पण आठवण पक्की होती. मात्र कचेरीत आठवण चालत नाही. तिथे कागद लागतो.

मग नातीने बाळाकडे बोट केले. "आणि याचं?"

लेक म्हणाली, "दापोलीच्या दवाखान्यात झाला. नोंद दवाखान्यानं कळवली आहे."

"त्यात नाव आहे का?"

लेक गप्प बसली. बारसे झाले होते, सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या होत्या. पण नाव कागदावर चढवायला कोणी गेले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी थोरला आणि लेक दापोलीला गेली. जन्मनोंद कार्यालयात बाळाचे नाव घातले. आईबापांच्या नावांतली अक्षरे नीट वाचून पाहिली. दाखला घेऊनच परतली.

तहसील कचेरीत जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या असतात. त्यांना कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ म्हणतात. थोरल्याने तिथे अर्ज दिला. काही दिवसांनी बुरोंडीच्या वहीत आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. आजीचा जन्म कोळथऱ्याचा. त्या वहीची त्या सालची पाने फाटली होती. आजीची नोंद मिळाली नाही.

आजोबांची दुरुस्ती आता लगेच होईल असे नाही. पण हाती पुरावा आला. आजीपाशी तोही नाही. तिने वहीत स्वतःच्या हाताने लिहिले, "जन्म, दिवाळी १९५१." म्हणाली, "सरकारला नको असेल तर राहू दे. मला माझं वय कळलं. पण बाळाचा कागद पेटीत नीट ठेवा."

लक्षात ठेवा

१. मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. नोंदीचा पहिला दाखला फुकट मिळतो.

२. मूल जिथे जन्मले, तिथल्या कार्यालयात नोंद होते. मूल माहेरी झाले तर माहेरच्या गावी. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत होते. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो. तरी आपण जाऊन पाहावे.

३. नोंद करताना नाव ठरले नसेल तरी अडत नाही. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येते. नंतर पैसे भरावे लागतात.

४. नोंद राहून गेली आणि वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. खेपा पडतात.

५. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलाला शाळा, मतदार यादी, सरकारी नोकरी, पासपोर्ट यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे.

विचार करा आणि लिहा

१. आजोबांना अर्धे तिकीट का काढावे लागले?

२. कर्व्यांना साताऱ्याला परीक्षेला का बसू दिले नाही?

३. तुमच्या घरात १ जूनची माणसे किती आहेत?

४. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा. त्यांच्या जन्माच्या वेळी काय घडले होते ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा.