रंग दिला, तरी घर विकेना

प्रश्न : उटनूरला आमचं पक्कं घर आहे. रंग दिला, भाव उतरवला. लोक येतात, घर आवडतं. कागद पाहिले की पुन्हा फिरकत नाहीत. आम्ही बिगर-आदिवासी. काय करावं?

उत्तर : अडचण भिंतींत नाही. तेलंगणातलं उटनूर अनुसूचित क्षेत्रात मोडतं. १९५९चा भूमी हस्तांतरण विनियम, १९७०च्या दुरुस्तीसह, इथली स्थावर मालमत्ता आदिवासीला किंवा निव्वळ आदिवासींच्या सहकारी संस्थेलाच विकू देतो. आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशात जात होत्या. हा निर्बंध मला रास्तच वाटतो. आदिवासी गिऱ्हाईक मिळालंच नाही, तर सरकारने मोबदला देऊन मालमत्ता घ्यावी, असा अर्ज करता येतो. मुद्रांकावर नोटरी करून इतरांना मात्र विकू नका; तो व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो.