दगडावरचे नाव



संत पौलाच्या प्रवासांचा अभ्यास करताना आमच्या युवक गटात एक प्रश्न हमखास निघतो : "अथेन्स, करिंथ आम्हाला कधी दाखवणार?" जामनेरहून ग्रीसचे भाडे कोणाला परवडणार! म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन नाशिकची पांडवलेणी पाहायला गेलो. ग्रीक माणसाची खूण तिथेच आहे, हे ऐकून मुलांना खरे वाटेना.

यवनाचे लेणे

त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत. त्यांतल्या १७ व्या लेण्यात ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक शिलालेख कोरलेला आहे. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा 'योनक', याने हे लेणे, त्यातले चैत्य आणि पाण्याची टाकी करवून घेतली, असे त्यात सांगितले आहे. आपल्या आईवडिलांसाठी, मुलगा धम्मरक्षित याच्यासह, त्याने हे सारे भिक्षुसंघाला दिले.

योनक म्हणजे यवन. ग्रीकांना आपल्याकडे हेच नाव होते. दत्तामित्री हे गाव डेमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून वसले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर आणि जुन्नरच्या लेण्यांतही यवन दात्यांची नावे आहेत. परमुलखातून आलेल्या माणसाने इथल्या लोकांसाठी पाण्याची सोय केली आणि इथल्या डोंगराने त्याचे नाव जपले. आपल्यापैकी जे नोकरीनिमित्त दुसऱ्या गावाहून जामनेरला आले, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

किल्ली आणि छिन्नी

लेख पाहून झाला, तोच आमच्यातल्या एका मुलाने खिशातून किल्ली काढली आणि भिंतीवर स्वतःचे नाव कोरू लागला. आम्ही त्याचा हात धरला. तो म्हणाला, "त्याने कोरले ते चालते, मग मी कोरले तर गुन्हा कसा?"

प्रश्न उद्धटपणाचा वाटला, पण खोटा नव्हता. आम्हालाही उत्तर लगेच सुचले नाही. कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे आम्ही त्याला सांगितले. पण दंडाच्या भीतीने हात थांबतो, मन बदलत नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही त्याच्याशी पुन्हा बोललो. आपल्या जवळच्या अजिंठ्याचे उदाहरण दिले. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोहोचला आणि १० व्या लेण्यातील चित्रावरच त्याने आपले नाव व तारीख खरवडली. अजिंठा जगापुढे आणण्याचे श्रेय त्याला मिळते, पण त्याने चित्राला केलेली जखमही तशीच राहिली आहे.

दुसरे उदाहरण करिंथचे. तिथल्या उत्खननात १९२९ साली एक फरशी सापडली. एरास्त नावाच्या अधिकाऱ्याने स्वखर्चाने ती घातल्याचे तिच्यावर कोरले आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी नगराचा कारभारी एरास्त याचा उल्लेख केला आहे. तो हाच असावा का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण त्या फरशीवरून लोक चालले, एवढे नक्की.

इंद्राग्निदत्ताने आणि एरास्ताने आधी दिले, मग नाव लिहिले. स्मिथने काहीच दिले नाही, दुसऱ्याच्या कामावर नाव टाकले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याने आईबापाचेपण मनात ठेवले, मी फक्त माझेच."

आपली नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद माना, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले. ती नावे किल्लीने लिहिता येत नाहीत.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या गावात कोणी दिलेली विहीर, शाळेची खोली किंवा बाक आपण रोज वापरतो?

२. आईवडिलांच्या स्मरणार्थ आपण इतरांसाठी काय करू शकतो?

३. सहलीला गेल्यावर मागे काय ठेवून यायचे आणि काय नाही, हे मुलांना कोण शिकवणार?

पुढची सहल अजिंठ्याची आहे. पालकांनीही सोबत यावे, ही विनंती. किल्ल्या मात्र खिशातच राहू द्याव्यात!