अक्षर मोठं होतं तेव्हा पान लहान होतं

डहाणू-तलासरीकडे अल्पदृष्टी माणसाला कॉम्प्युटरबाबत एकच सल्ला मिळतो: मॅग्निफायर चालू करा, दिसेल. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याचा भुर्दंड आम्हाला पडतो, म्हणून रागानेच लिहिते आहे. पडदा दुप्पट मोठा केला की त्याचा चौथा हिस्साच समोर राहतो, चौपट केला की सोळावा. १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या जुन्या लॅपटॉपवर चौपटीला जेमतेम ३४१ बाय १९२ चा तुकडा उरतो. बाकीचे पंधरा हिस्से नाहीसे झालेले नसतात आणि नेमकं तिथेच काहीतरी घडत असतं. ऑनलाइन अर्जात ‘सबमिट’ तळाशी असतं आणि चूक सांगणारी लाल ओळ वर उमटते. खाली पाहणाऱ्याला वाटतं, बटण दबलंच नाही. तो पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो, तोवर ओटीपीची मुदत संपते. मग मागे उभा असलेला सेवा केंद्राचा चालक म्हणतो, ‘तुम्हाला नाही जमायचं, द्या इकडे.’ चार लोकांसमोर हे ऐकून घेणाऱ्याला कुणी सांगत नाही की त्याने काहीच चुकवलेलं नाही, ती ओळ त्याच्या तुकड्यात आलीच नव्हती.

सातबाऱ्याचंच उदाहरण घ्या. इथल्या घरांना तो आणि वनपट्ट्याचे कागद सतत लागतात. नमुना सातवर खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकार, पो.ख. (पोटखराबा), फे.फा. (फेरफार) असे रकाने शेजारी शेजारी असतात. तिप्पट वाढ केली की ०.४०.०० हा आकडा ठळक दिसतो, पण वरचं शीर्षक आणि डावीकडचं नाव दोन्ही पडद्याबाहेर जातात. आकडा कुणाचा आणि कशाचा, हे डोक्यात धरून वाचावं लागतं. वाढ कमी ठेवावी तर १ आणि ९ एकसारखे भासतात, ‘गंजाड’ या गावाच्या नावावरचा अनुस्वार गळतो, शून्यांमधली टिंबं विरून जातात. मराठीचा निम्मा अर्थ शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी असतो. इंग्रजीला पुरणारी वाढ तिला पुरेलच असं नाही. म्हणजे एकदा वाढीचा आकडा ठरवला आणि काम झालं, असं इथे होतच नाही.

म्हणून सुरुवात मॅग्निफायरने करूच नका. वेबसाइट असेल तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबा. ब्राउझर मजकूर मोठा करतो आणि वेबसाइट नीट बांधलेली असेल तर ओळी पडद्याच्या रुंदीत पुन्हा बसवतो. मॅग्निफायर तसं करत नाही, त्यात प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकावं लागतं. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये नुसत्या मजकुराचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत नेता येतो. एवढं करून जे उरेल त्यालाच मॅग्निफायर: विंडोजचं बटण आणि अधिक. बंद करायला विंडोज आणि एस्केप, आणि ही जोडी आधी पाठ करा. वाढीचा टप्पा १०० टक्क्यांचा असेल तर २५ करा, नाहीतर दोनशेवरून थेट तीनशेवर उडी बसते. माउसबरोबरच कीबोर्डच्या फोकसमागेही जाण्याची खूण चालू ठेवा, म्हणजे टॅब दाबल्यावर मोठा भाग आपोआप पुढच्या रकान्यावर जातो. रकान्यांच्या कागदाला कंट्रोल-ऑल्ट-डी चांगलं, वर मोठी पट्टी राहते आणि खाली नेहमीच्या आकारातलं पान. पांढरा पडदा डोळ्यांत खुपत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-आय दाबून रंग उलटे करा.

मोबाईल आहे ना, दोन बोटांनी मोठं करा, असंही ऐकवतात. अडचण तुकडा लहान होण्याची असताना आणखी लहान पडदा हातात देणं हे उत्तर नव्हे. स्क्रीन रीडर वापरा, हे म्हणणं मात्र वजनदार आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठी वाचतो, आणि लांब मजकुराला मीही डोळ्यांपेक्षा कान बरे मानते. पण स्कॅन करून चढवलेली पीडीएफ त्याच्या लेखी नुसतं चित्र असते, आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मराठी मजकूर तो अगम्य करून वाचतो. तिथे उरलेली नजरच कामी येते. झूमटेक्स्टसारखं विकतचं सॉफ्टवेअर कर्सर आणि आवाजाच्या सोयींत सरस आहे, तरी पैसे मोजण्याआधी आपलाच सातबारा आणि आपलाच अर्ज त्यावर उघडून पाहा. विक्रेता दाखवतो ते स्वच्छ इंग्रजी पान आपल्या कामाचं नसतं.

हा प्रश्न हक्काचाही आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अल्पदृष्टीची व्याख्या अंधत्वापेक्षा वेगळी करतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा ‘द्या इकडे’ हा उपकार समजू नका. त्या दोन शब्दांबरोबर आपला ओटीपी, पासवर्ड आणि बँकेचा खातेक्रमांकही दुसऱ्याच्या हाती जातो. मदत घ्यायचीच झाली तर मजकूर वाचून दाखवायला सांगा, ओटीपी स्वतः टाका. आणि सबमिट दाबल्यावर काहीच झालं नाही असं वाटलं, तर पुन्हा दाबण्याआधी कंट्रोल-ऑल्ट-स्पेसबार दाबा. मॅग्निफायर पूर्ण पडद्यावर चालू असताना त्याने क्षणभर अख्खं पान दिसतं. त्यावरचं वाचता येणार नाही कदाचित, पण लाल काही उमटलंय का आणि कुठे, एवढं कळतं.