पत्रावरचा शिक्का

योजनेचं नाव खरं होतं, म्हणूनच मी फसले.

आमची खोली कुर्ला पश्चिमेला काजूपाड्यात, टेकडीच्या चढावर. वर पत्रा. मुलगा डिप्लोमाला, मुलगी बारावीला. संध्याकाळ झाली की दोघांचाही डेटा संपलेला. ब्रॉडबँडचा महिन्याचा खर्च मी तीन वेळा वहीत मांडला आणि तिन्ही वेळा पान उलटलं. अशात एक तरुण दारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. ‘काकू, पीएम-वाणी योजना आहे. पत्र्यावर वायफायचं पॅनल बसवणार. घरात नेट फुकट, शिवाय दरमहा भाडं.’ पत्रावर अशोकस्तंभ, खाली सही आणि गोल शिक्का. मी नोंदणी फीचे अडीच हजार यूपीआयने पाठवले. चार दिवसांनी अनामत म्हणून सहा हजार. मग जीएसटीसाठी फोन आला, तेव्हा शेजारच्या वहिनींनी ते पत्र आपल्या मुलाला दाखवलं. तो छापखान्यात कामाला आहे. त्याने बोट ओलं करून शिक्क्यावर घासलं. शाई जराही पसरली नाही. सही, शिक्का, मजकूर, सगळं एकाच रंगीत प्रिंटरमधून निघालं होतं. ‘आणि काकू, याला जावक क्रमांकच नाही.’

शिक्का खऱ्या शाईचा असता तरी पत्र खोटंच ठरलं असतं. कारण पीएम-वाणीत कुणाच्या छपरावर काही बसवत नाहीत आणि कुणाला भाडंही देत नाहीत. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली ही योजना मुळात दुकानदारासाठी आहे. किराणावाला किंवा चहावाला स्वतःच्या खर्चाने ब्रॉडबँडची लाइन आणि वायफायचा राउटर घेतो, एका नोंदणीकृत जोडणाऱ्या कंपनीशी करार करतो आणि गिऱ्हाइकांना लहान लहान पॅक विकतो. आपण फोनवर अ‍ॅप घ्यायचं, जवळचं ठिकाण शोधायचं, पैसे भरायचे. दुकानदाराला परवाना लागत नाही, सरकारकडे नोंदणी लागत नाही, फी तर नाहीच. एवढी एकच गोष्ट मला ठाऊक असती तर माझे साडेआठ हजार वाचले असते. पीएम-वाणीच्या नावाने फिरणारी अशी पत्रं खोटी असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबीच्या फॅक्ट चेकनेही सांगितलेलं आहे. ते मी नंतर वाचलं.

गावाकडच्या नातेवाइकांकडून ‘भारतनेट’ ऐकून कुणी विचारतं, तेही सांगते. ती योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे, कुर्ल्याला तिचा उपयोग नाही. केरळ सरकारने मात्र ५ जून २०२३ रोजी केफॉन हे स्वतःचं इंटरनेट जाळं सुरू केलं, तेव्हा २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. असं आपल्याकडेही व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मुलांचा अभ्यास आता नेटवाचून होत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक वेगळीच. फसल्याचं कळल्यावर मी तीन दिवस लाजेने गप्प बसले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. हा फोन लगेच लावला, तर पुढच्या खात्यात पैसे गोठवण्याची शक्यता असते. तेव्हा नवऱ्याला सांगण्याआधी, रडण्याआधी १९३० लावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. चॅट पुसू नका. पैसे गेले नसतील, नुसता फोन किंवा मेसेज आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ‘चक्षू’मध्ये कळवा.

आणि खरी योजना हवी असेल तर दुकानदाराला गाठा. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याने पहिला प्रश्न केला, ‘ताई, सरकारला किती भरायचे?’ काहीच नाही, म्हटलं. लाइनचं काय, तर जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने तिच्या दरावर मर्यादा घातली आहे. २०० एमबीपीएसपर्यंतच्या लाइनसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येत नाही. तो अजून हिशेब करतोय. परवा त्याच्या गल्ल्यावर मुलीने फोनचा हॉटस्पॉट लावून ठेवला आणि मुलगा दुसरा फोन घेऊन चाळीत चालत आला. रेंज चौथ्या खोलीपर्यंत आली. आमची सहावी. राउटर दुकानाच्या दारावर, उंच लावला तर पोचेल असं तो म्हणतो.